बार्शी लाईटची गाडी

बीड जिल्ह्याच्या नकाशावर आगगाडीची रेघ फार वर्षे एका कोपऱ्यातच होती. १९३० च्या आसपास निजामाच्या रेल्वेने परळी वैजनाथ गाठले. परभणीकडून मीटर गेज आली, विकाराबाद-बीदरकडून ब्रॉडगेज आली. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणाऱ्यांची सोय झाली, पेठेची सोय झाली. बाकीचा जिल्हा, म्हणजे बीड, गेवराई, पाटोदा, आष्टी, केज हा सगळा मुलूख, गाडीची शिटी ऐकण्यासाठी जिल्ह्याबाहेर जात राहिला.

पण वाचकहो, या लेखात ज्या गाडीची हकीकत सांगायची आहे ती बीड जिल्ह्यात कधी शिरलीच नाही. ती शेजारून गेली. कुर्डुवाडीहून निघून बार्शी, येडशी, ढोकी, मुरूड अशी लातूरला पोचणारी ही अडीच फुटी रुळांची गाडी. लोक तिला नुसते ‘बार्शी लाईट’ म्हणत. केज-अंबाजोगाईकडच्या माणसाला लातूरची पेठ जवळची, त्यामुळे ही गाडी त्याच्या ओळखीची. तिची थट्टाही पुष्कळ झाली. चालत्या गाडीतून उतरावे, पाय मोकळे करावे आणि पुन्हा चढावे, असे लोक सांगत. ही थट्टा आपण बाजूला ठेवू. कारण या चिमुकल्या गाडीमागे एक मोठा हिशेब होता, आणि तो हिशेब इकडच्या माळरानावरून थेट विलायतेतल्या एका खेड्यापाड्यांच्या खोऱ्यात जाऊन पोचला.

मुंबईहून सोलापूर-रायचूरकडे जाणारा जीआयपी रेल्वेचा मोठा रस्ता बार्शीला बगल देऊन गेला होता. बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची भरभराटीची पेठ. स्टेशन मात्र वीस-एकवीस मैलांवर. त्या स्टेशनाचे नावच मुळी ‘बार्शी रोड’, म्हणजे आताचे कुर्डुवाडी. मधले अंतर बैलगाडीने तोडायचे. एका गाडीत माल तो किती, अर्धा-पाऊण टन. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले म्हणजे तोही नाही.

हे सगळे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या नजरेला पडले. हा गृहस्थ १८८२ साली जीआयपी रेल्वेत नोकरीस आला होता. मोठा छांदिष्ट माणूस. त्याला अरबी घोड्यांचे वेड. घोडा हा माणसाचा सोबती कसा, यावर त्याने पुढे पुस्तक लिहिले. विमानातून उडी टाकणाऱ्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्रीही त्याने तयार केली. पण त्याचे खरे काम रुळांवरचे. थोड्या पैशात, थोड्या मालावर, आडवळणाच्या मुलखात चालेल अशी रेल्वे बांधता येते, हे त्याला सिद्ध करून दाखवायचे होते. १८९५ साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

आता तो हिशेब पाहू. रेल्वे बांधायला पैसा कशाला लागतो? इंजिन-डब्यांना लागतोच, पण त्याहून कितीतरी अधिक जमिनीवरच्या कामाला लागतो : भराव, खोदाई, पूल, रूळ. आणि हे सगळे किती भक्कम हवे, ते ठरते एका आकड्यावर. तो आकडा म्हणजे एका आसावर, दोन चाकांना जोडणाऱ्या एका कण्यावर, किती वजन पडते. गाडी एकूण किती जड आहे हे रुळाला कळत नाही. त्याला कळते ते एवढेच की आत्ता, या क्षणी, या चाकाखाली किती दाब आहे. चिखलावर एका टाचेवर उभे राहिलात तर पाय रुतेल. फळी टाकून तिच्यावर उभे राहिलात तर रुतणार नाही. वजन तेच, वाटणी वेगळी.

कॅलथ्रॉपने एक नियम घालून घेतला : या मार्गावर कोणत्याही वाहनाच्या एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक वजन नको. इंजिन असो, माणसांचा डबा असो, की माल भरलेली वाघीण असो. (मालाच्या डब्याला आपण वाघीण म्हणतो, त्या ‘वॅगन’चीच आपल्या तोंडी ही वाघीण झाली. जंगलातल्या वाघिणीशी तिचा संबंध नाही.) तोवर बहुतेक छोट्या रेल्वेंत इंजिन जड आणि डबे हलके असा प्रकार असे. म्हणजे रूळ आणि पूल बांधायचे ते एकट्या इंजिनासाठी, आणि बाकीची गाडी त्यावरून अर्ध्या वजनाने जाणार. हे म्हणजे एका धिप्पाड पाहुण्यासाठी घरातल्या सगळ्या खाटा नव्या करण्यासारखे झाले. कॅलथ्रॉपने सगळ्यांना एका तराजूत आणले. चार आसांची वाघीण, म्हणजे मालासकट वीस टन. वाघिणीचे स्वतःचे वजन वजा घातले तरी वीसएक बैलगाड्यांचा माल एका वाघिणीत बसला.

आणि इंजिन? त्याला सहा आस दिले. पुढची आठ चाके ओढणारी, मागची चार नुसता भार वाहणारी. सहा पंचे तीस : इंजिनाचे वजन तीस टनांच्या आसपास. इंग्लंडात लीड्स शहरी किटसन कंपनीच्या कारखान्यात ही इंजिने घडली. हिंदुस्थानात येण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून ही गाडी जाणकारांना चालवून दाखवली होती. अडीच फुटी रुळांवर एवढा बोजा सुरळीत जातो हे पाहून भल्याभल्यांना नवल वाटले.

अशा इंजिनाच्या पोटात काय चाललेले असते? ज्यांच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना हे समजायला मुळीच कठीण नाही. बंबात मधोमध नळी असते, नळीत निखारे, नळीभोवती पाणी. धूर नळीतून वर जातो आणि जाता जाता पाण्याला ऊब देतो. आता हा बंब आडवा करा. एका टोकाला चांगली मोठी भट्टी बसवा. एका नळीऐवजी शंभरावर बारीक नळ्या घाला, म्हणजे विस्तवाचा आणि पाण्याचा सहवास वाढेल. आणि सर्वात महत्त्वाचे : झाकण घट्ट बंद करा. झाले आगगाडीचे बाष्पपात्र.

झाकण बंद केल्याने काय होते ते पाहा. उघड्या भांड्यात पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. कोंडली की ती भिंती रेटू लागते. या आकाराच्या इंजिनांत दर चौरस इंचावर दीडशे पौंडांच्या आसपास दाब ठेवीत. अशा दाबाखाली पाणी शंभर अंशांवर उकळत नाही; ते पार एकशे पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापते. ही वाफ ड्रायव्हर एका दांडीने सोडतो. ती सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्याला ढकलते. मग झडप सरकते आणि ती दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूने शिरून त्याला परत ढकलते. दट्ट्याचे पुढे-मागे होणे लांब दांड्यांनी चाकांच्या गोल फिरण्यात बदलते. शिवणयंत्राच्या पायटीचे तंत्र थोडे असेच असते.

काम झालेल्या वाफेचे पुढे काय होते, ही मला या यंत्रातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. ती वाफ फुकट जाऊ देत नाहीत. धुराड्याच्या बुडाशी एका अरुंद तोंडातून ती जोराने वर सोडतात. ती धुराड्यातला धूर आपल्याबरोबर ओढून नेते. धूर गेला की मागे पोकळी होते, आणि ती भरून काढायला भट्टीच्या जाळीतून ताजी हवा आत घुसते. म्हणजे इंजिन जितके अधिक ओढते, तितकी अधिक वाफ वापरते. जितकी वाफ धुराड्यातून जाते, तितका जाळ अधिक फुलतो. आणि जाळ फुलला की पुन्हा वाफ तयार. कोणी भाता मारायला नको. चढावर इंजिन आपणच आपली भट्टी फुंकून घेते.

आपण ज्याला ‘झुकझुक’ म्हणतो तो या फुंकाऱ्याचाच आवाज. दोन सिलिंडर, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार फुंकारे. छोट्या गाडीची झुकझुक एवढी घाईची का वाटते तेही यावरून कळेल. अडीच फूट व्यासाचे चाक धरा. त्याचा परीघ पावणेआठ फुटांच्या वर. ताशी पंधरा मैलांच्या वेगाला गाडी सेकंदाला बावीस फूट जाते, म्हणजे चाकाचे पावणेतीन फेरे, म्हणजे सेकंदाला अकरा फुंकारे! मोठ्या मेल गाडीचे चाक दुपटीहून मोठे. ती याच वेगाला संथ उसासे टाकील. छोटी गाडी आवाजावरून जीव तोडून पळतेय असे वाटते, आणि खिडकीतून पाहावे तर बाभळीचे झाड अजून तिथेच.

फायरमनचे काम नुसते कोळसा लोटण्याचे, असा पुष्कळांचा समज आहे. कोळसा लोटणे हे त्यातले सोपे काम. कुठे लोटायचा, किती लोटायचा आणि कधी लोटायचा, यात कसब आहे. भट्टीत ढीग घातला तर हवा कोंडते आणि काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे न जळता उडालेला कोळसा, म्हणजे कंपनीचा पैसा. जाळ पातळ, सारखा, कडेला किंचित जाड असा ठेवावा लागतो. पुढे चढ आहे हे चढ लागण्याआधीच ओळखून भट्टी तयार ठेवावी लागते, कारण आत्ता टाकलेल्या कोळशाची वाफ लगेच मिळत नाही. थंड पडलेल्या इंजिनात वाफ धरायला तर कित्येक तास जातात. म्हणून सकाळच्या गाडीचे इंजिन गावाला जाग येण्याच्या पुष्कळ आधी जागे होई. इंजिन पुसणारा क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर अशी पायरीपायरीने बढती असे. ड्रायव्हरला फावड्याचा गुण माहीत असे तो याचमुळे.

पण फायरमनचा खरा जीव अडकलेला असतो तो पाण्याच्या काचनळीत. बाष्पपात्रात पाणी किती आहे हे त्या उभ्या काचेत दिसते. भट्टीच्या छतावर पाणी सदैव हवे. ते उघडे पडले तर लोखंड लाल होऊन लिबलिबीत होईल आणि स्फोट होईल. म्हणून त्या छतात शिशाचा एक खिळा बसवलेला असतो. पाणी उतरले की शिसे वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि विस्तव दडपते. इंजिन वाटेतच बंद पडते, पण माणसे वाचतात. कोंडलेल्या वाफेच्या विरुद्ध बाहेरचे पाणी आत ढकलायचे कसे, हा मोठाच पेच होता. १८५८ साली जिफार नावाच्या फ्रेंच माणसाने तो सोडवला. त्याने त्याच बाष्पपात्रातली वाफ घेतली, तिला निमुळत्या नळीतून वेगाने सोडले, तिच्यात पाणी मिसळले, आणि त्या वेगाने ते पाणी उलट आत शिरले. आपल्याच घरातून निघालेल्या माणसाने दाराबाहेरच्या दोघांना बरोबर घेऊन परत घरात घुसावे, असा हा प्रकार.

आणि पाणी तरी कोणते? आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी जड. बंबाच्या आत पांढरा खार धरतो तो आपण पाहिलेला आहे. इंजिनात तसाच थर नळ्यांवर चढतो. मग विस्तवाची ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही आणि कोळसा वाया जातो. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बाष्पपात्र आतून धुवावे लागे. कोळसा निदान विकत आणता येई. निजामाच्या राज्यातच सिंगरेणीच्या खाणी होत्या. पाणी मात्र जागेवरच लागे. ज्या स्टेशनावर उंच टाकी आणि हत्तीच्या सोंडेसारखा नळ, ते स्टेशन गाडीच्या दृष्टीने महत्त्वाचे, मग गाव केवढे का असेना. हे दुखणे इंजिनांबरोबर संपले असेही नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात १९७१ साली पहिला संच सुरू झाला. तिथेही तेच : कोळसा, पाणी, कोंडलेली वाफ, दट्ट्याच्या जागी चक्र एवढाच फरक. कोळसा रुळांवरून येत राहिला, पण २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्र बंद ठेवावे लागले.

आठ चाके ओढणारी का, हा प्रश्न अजून राहिला. गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंड. चाक घसरणार नाही तर काय? कोरड्या रुळावर चाकाची पकड त्यावरच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी तरी धरायला हरकत नाही. ओढणाऱ्या चार आसांवर मिळून वीस टन, म्हणजे चाक घसरायच्या आत चार टनांचा जोर. सपाट रुळावर एक टन ओज हलते ठेवायला पाचएक किलोचा जोर पुरतो, तेव्हा कागदावर आठशे टनांची गाडी निघाली. पण शंभरास एक असा चढ लागला, म्हणजे शंभर फुटांत एक फूट, की दर टनामागे आणखी दहा किलो मोजावे लागतात. लगेच आठशेचे अडीचशे-पावणेतीनशे झाले, त्यातही तीस टन इंजिनाचेच. पायी चालताना जो चढ आपल्या ध्यानातही येत नाही, तो गाडीचे दोन हिस्से खाऊन टाकतो. शिवाय पहाटेचे दव पडले, रुळावर पाला चिरडला, की पकड आणखी सुटते. मग ड्रायव्हर चाकापुढे वाळूची धार सोडतो. वाळूचा डबा आणि ती कोरडी ठेवण्याची दक्षता, यांवाचून या इंजिनाचे काम चालत नसे. आठांऐवजी चारच चाके ओढणारी असती तर पाच टनांच्या नियमात हा जोर अर्ध्यावर आला असता.

एकेरी रुळावर समोरासमोरच्या गाड्या आदळू नयेत म्हणून जी व्यवस्था असते तिच्यावर एक वेगळा लेख होईल. इथे एवढेच सांगतो की मुख्य तत्त्व अगदी खेडवळ आहे : ज्याच्या हातात वस्तू, त्याचा रस्ता. आपल्याकडच्या पुष्कळ एकेरी मार्गांवर ही वस्तू म्हणजे धातूचा एक गोळा असे. दोन स्टेशनांवर दोन यंत्रे, दोन्ही तारेने जोडलेली. एका वेळी दोहोंतून मिळून एकच गोळा बाहेर निघतो. तो परत कोणत्या तरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला. गाडी न थांबता जायची असली तर ड्रायव्हरच्या बाजूचा माणूस हात बाहेर काढून ते कडे दंडात झेलतो. घड्याळ चुकेल, माणूस डुलकी घेईल, पण एक गोळा दोन गाड्यांत असू शकत नाही.

छोट्या रुळांचा एक जुना दोष कॅलथ्रॉपलाही टाळता आला नाही. कुर्डुवाडीला बार्शी लाईटचे रूळ अडीच फुटी, मोठ्या रेल्वेचे साडेपाच फुटी. या गाडीतला माल त्या गाडीत आपोआप जाणार नाही. प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून जाणार. परळीलाही मीटर गेज आणि ब्रॉडगेज यांच्यामध्ये हीच उस्तवार होती, ती परभणीकडचे रूळ १९९० नंतरच्या दशकात रुंद झाले तेव्हा मिटली. कॅलथ्रॉपचे म्हणणे असे की चार हमालांची मजुरी स्वस्त, मैलोन्मैल रुंद भराव महाग. मजुरी स्वस्त असलेल्या देशात हा हिशेब जमला. हमालांना तो कसा वाटला हे कोणी विचारले नसावे.

आता विलायतेत जाऊ. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नदीचे एक खोरे आहे. डोंगर, कुरणे, गाई, तुरळक खेडी. तिथल्या लोकांनाही रेल्वे हवी होती आणि पैसा नव्हता. त्यांनी कॅलथ्रॉपला बोलावले. २७ जून १९०४ रोजी ‘लीक आणि मॅनिफोल्ड’ ही आठ मैलांची लाईट रेल्वे सुरू झाली. रूळ अडीच फुटी, इंजिने दोन, तीही किटसनचीच आणि बार्शीच्या इंजिनांच्या घडणीवर बेतलेली. एकाला खुद्द कॅलथ्रॉपचे नाव दिले, दुसऱ्याला जागेवर काम पाहणाऱ्या अर्ल या इंजिनिअरचे. पुढे मोठाच्या मोठा दिवा, आपल्याकडच्या उघड्या माळावर रात्री दूरवर उजेड पाडावा तसा. त्या वळणावळणाच्या चिंचोळ्या खोऱ्यात त्याचा उपयोग बेताचाच, पण दिसायला भारदस्त! डब्यांचा रंग पिवळसर, घाटही थोडा हिंदुस्थानी. विलायतेची नक्कल इकडे होते हे आपण नेहमी ऐकतो. ही माळरानाची नक्कल तिकडे गेली होती.

माल उतरवण्याच्या दुखण्यावर त्याने तिथे एक नवा उपाय केला. बुटक्या, सखल गाड्या बनवल्या आणि मोठ्या रेल्वेची अख्खी वाघीण त्यांच्या पाठीवर चढवून खोऱ्यात न्यायची व्यवस्था केली. हमाल नकोत, पोती नकोत. मुख्य माल दुधाचा. एक्टन येथे दुधाचा कारखाना होता, तिथले दूध पार लंडनपर्यंत जाई. सुट्टीच्या दिवशी सहलीला येणारे लोकही असत. पण खोऱ्यात माणसेच थोडी, आणि पुष्कळ स्टेशने गावापासून दूर, नदीकाठी. मोटारी आल्या, लॉऱ्या आल्या. १९३२ साली कारखाना बंद झाला आणि १९३४ च्या मार्चमध्ये गाडीही थांबली. तीस वर्षांचे आयुष्य. रूळ उखडून तिथे पायवाट केली. आज त्या वाटेवर लोक फिरायला जातात.

इंजिन तेच, माणूस तोच, रुळांची रुंदी तीच. मग बार्शीची गाडी का जगली? तिच्या दोन्ही टोकांना आणि वाटेतही माल होता. पेठ आधीची होती, गाडी नंतरची. १९०६ साली कुर्डुवाडीहून दक्षिणेला पंढरपूरपर्यंत फाटा गेला आणि आषाढी-कार्तिकीचा सारा लोंढा या चिमुकल्या डब्यांना मिळाला. पूर्वेकडे निजामाच्या हद्दीत शिरून गाडी १९११ साली लातूरला पोचली. १९२७ साली मिरज गाठले. एकवीस मैलांची गाडी दोनशे दोन मैलांची झाली. ओझे वाढले तशी पुढे याहून मोठी इंजिने आली. १९५४ च्या प्रारंभी सरकारने कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. वाफ गेली, डिझेल आले, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तुकड्यातुकड्याने रूळच रुंद झाले. कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज २००८ साली पुरी झाली. जुनी गाडी धाराशिव शहराला दुरून जाई. नवे रूळ वळसा घेऊन शहराजवळून गेले. कॅलथ्रॉपच्या हाताखालून गेलेली दुसरी एक छोटी गाडी, नेरळहून माथेरान चढणारी, १९०७ पासूनची. ती दोन फुटी गाडी महाराष्ट्राने जपली आहे.

आणि बीड? अहिल्यानगर-बीड-परळी या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५-९६ साली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे निघाली. बीड ते परळी हा टप्पा त्या वेळी व्हायचा होता. कंपनी उभी राहिल्यापासून दोन वर्षांत बार्शीला गाडी नेणाऱ्या माणसाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. पण न्यायाने बोलायचे तर हे काम निराळे आहे. आजची वाघीण एका आसावर वीस टनांहून अधिक भार घालते, पाच नव्हे. पूल आणि भराव त्या मानाने हवेत. त्याचा मोबदला असा की बीडला भरलेली वाघीण वाटेत कुठेही रिकामी न करता थेट बंदरापर्यंत जाऊ शकते.

मॅनिफोल्डच्या खोऱ्याला गिऱ्हाईक एकच होते, दुधाचे. बीडकडे कापूस आहे, सोयाबीन आहे, साखर आहे. आणि दर साल दिवाळी झाली की बायको-पोरे, भांडीकुंडी, बैल घेऊन ऊसतोडीला पश्चिमेकडे निघणारी हजारो कुटुंबे आहेत. त्यांचा प्रवास आजवर ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनच होत आला आहे.